आजीचं पोवळं आणि मालवणचा खडक

ज्यांना ऐकायला सवड मिळत नाही त्यांच्यासाठी हा या भागाचा लिखित मजकूर. बोलताना माझ्या तोंडून येणारे 'म्हणजे' आणि 'बरं का' मी थोडे कापलेत. सगळे कापले तर माझा आवाजच राहणार नाही.

माझं गाव घोटी, तालुका इगतपुरी. मुंबई-आग्रा रस्त्यावरचं, भाताच्या गिरण्यांचं आणि बेसुमार पावसाचं गाव. आमच्याकडे पाणी भरपूर, पण समुद्र नाही. दारणेच्या बाजूला पडलेला पाऊस गोदावरीतून पार बंगालच्या उपसागराला जातो आणि त्याच आभाळातला वैतरणेवर पडलेला पाऊस अरबी समुद्राकडे वळतो. मी पोहायला शिकलो ते विहिरीत, कमरेला प्लास्टिकचा कॅन बांधून. पाण्याखाली डोळे उघडले की हिरवट अंधार. त्यामुळे पाण्याखाली काही 'बघायचं' असतं ही कल्पना मला इंजिनीअरिंग होऊन नोकरीला लागेपर्यंत नव्हती.

दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात ऑफिसच्या पोरांबरोबर मालवणला गेलो. सगळे करतात तसं स्नॉर्केलिंग केलं. होडीत बसून सिंधुदुर्ग किल्ल्याच्या बाजूला जायचं, डोळ्यांवर मास्क, तोंडात नळी, हाताला धरायला रिंग आणि तोंड पाण्यात. आमच्याबरोबर जे काका गाइड होते ते पन्नाशीचे असतील. उतरण्याआधी ते म्हणाले, "खाली प्रवाळ आहेत, नीट बघा." मी आपलं शहाणपण दाखवलं, "प्रवाळ म्हणजे पोवळंच ना? आमच्या आजीकडे माळ आहे." काका हसले. म्हणाले, "तां सोनाराकडला. ह्यां आमचां."

आजचा सगळा भाग या एका वाक्यावर आहे. कारण घरी येऊन शोधायला बसलो, तर काका शब्दशः बरोबर निघाले.

आधी सोनाराकडचं पोवळं. लाल-केशरी, गुळगुळीत, मंगळाचं रत्न म्हणून अंगठीत घालतात ते. आजीची माळ तिच्या आईकडून आलेली, मणी झिजून तांदळाएवढे झालेत. हे लाल पोवळं मालवणचं नाही, कोकणातलं नाही, भारतातलंसुद्धा नाही. ते भूमध्य समुद्रातलं. सार्डिनिया, कॉर्सिका, ट्युनिसचा किनारा, तिथल्या खोल, अंधाऱ्या कपारींत वाढणारं. आणि ते आपल्याकडे यायला लागलं त्याला दोन हजार वर्षं होऊन गेली.

पहिल्या शतकात कुणा ग्रीक दर्यावर्द्याने लिहिलेलं 'पेरिप्लस' नावाचं पुस्तक आहे. खरं तर व्यापाऱ्यांसाठीचं गाइडबुकच. कुठल्या बंदरात काय खपतं, काय मिळतं, याची यादी. त्यात भडोचला येणाऱ्या मालात पोवळं आहे. त्याच भडोचला पैठणहून आणि तेरहून माल गाड्यांनी यायचा असंही त्यात लिहिलंय. त्याच शतकातला रोमन लेखक प्लिनी म्हणतो की आमच्याकडे जशी मोत्यांची किंमत, तशी हिंदुस्थानात पोवळ्यांची. दुसरी वाट कल्याण-सोपाऱ्याकडून थळ घाट चढून नाशिककडे. ती तर आमच्या दारावरूनच गेलेली. घोटीच्या रस्त्याने कुणा सातवाहन काळातल्या व्यापाऱ्याच्या पिशवीतून पोवळी गेली असतील का? पुरावा नाही, पण मला मनातल्या मनात ती गेलेली दिसतात.

पुढे सतराव्या-अठराव्या शतकात हा धंदा फार मोठा झाला. इटलीतल्या लिव्होर्नो बंदरातले ज्यू व्यापारी भूमध्यातलं पोवळं लिस्बनमार्गे गोव्याला पाठवायचे. गोव्यातले सारस्वत व्यापारी ते उतरवून घ्यायचे आणि बदल्यात हिरे पाठवायचे. पोवळ्याच्या बदल्यात हिरे! एकमेकांना आयुष्यात कधी न भेटलेली, वेगळ्या धर्माची, वेगळ्या भाषेची माणसं नुसत्या पत्रांवर भरवसा ठेवून हा व्यवहार करत होती. आपल्याकडे दोन टीममध्ये एपीआय ठरवायचा तर सहा मीटिंगा लागतात.

आता हे लक्षात ठेवा आणि गोव्याहून थोडं वर, मालवणला या. तारीख २५ नोव्हेंबर १६६४. शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर सिंधुदुर्गाच्या कामाला सुरुवात केली. किनाऱ्यावर जिथे त्यासाठी पूजा झाली तो मोरयाचा धोंडा आजही दाखवतात. काम हिरोजी इंदुलकरांकडे होतं आणि १६६७ मध्ये किल्ला पुरा झाला. पाया बसवताना शिसं ओतलं, ही गोष्ट तुम्ही शाळेत ऐकली असेल. किल्ल्यात समुद्राच्या मधोमध दूधबाव, साखरबाव, दहीबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी, हेही.

पण मला आता कळलं की सिंधुदुर्गाचा एक तट आपण बघतच नाही, कारण तो पाण्याखाली आहे. मालवणचा उपसागर खडकांनी जवळजवळ बंद झालेला आहे. इंग्रजांच्या जुन्या गॅझेटिअरमध्येही मालवणची ओळख अशीच करून दिलीय. पाण्यावर थोडे दिसणारे, बरेचसे न दिसणारे खडक. मालवणात त्यांना खडप म्हणतात. ज्याला वाट माहीत नाही त्याचं मोठं जहाज इथे फुटणार. ज्याला माहीत आहे त्याची होडी आरामात आत-बाहेर करणार. म्हणजे हे बेट निवडताना फक्त बेट निवडलं नव्हतं, त्याच्या भोवतीचे खडक निवडले होते. आणि त्या खडकांमधली वाट कुणाला ठाऊक असणार? इथल्या मच्छीमारांना, तांडेलांना. बेटाची जागा स्थानिक कोळ्यांनी दाखवली असं सांगतात. ते बाजूला ठेवलं तरी त्यांच्याशिवाय इथे दगडाची एक होडीसुद्धा नेता आली नसती, एवढं कुणालाही पटेल.

पुढचा राजकीय इतिहास मी भरभर सांगतो, तो आपला विषय नाही. किल्ला पुढे कोल्हापूरकर छत्रपतींकडे राहिला. १७६५ मध्ये मुंबईकर इंग्रजांनी तो घेतला, त्याला फोर्ट ऑगस्टस असं नाव दिलं (हे नाव मालवणात कुणाला सांगून बघा) आणि पुढच्याच वर्षी परत केला. १८१२ मध्ये मालवण कायमचं इंग्रजांकडे गेलं.

या सगळ्या काळात त्या खडकांवर, पाण्याखाली दहा-पंधरा फुटांवर, जिवंत प्रवाळ होते. एकीकडे गोव्याच्या धक्क्यावर हिरे मोजून परदेशी पोवळं उतरवलं जात होतं आणि इकडे किल्ल्याच्या पायथ्याशी आपलं पोवळं निवांत वाढत होतं. ते दागिन्याच्या कामाचं नव्हतं, म्हणून कुणी विचारलं नाही. वाळवलं की पांढरा, खडबडीत दगड.

या प्रवाळाची नोंद केव्हा झाली? मला वाटलं होतं इंग्रजांनी केली असेल, त्यांना सगळंच मोजायची खोड. मला सापडलेलं टिपण १९७९ चं आहे. गोव्यात दोना पावला इथे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, १९६६ ला स्थापन झालेली. तिचे तेव्हाचे संचालक डॉ. कासिम आणि त्यांचे सहकारी वाफर यांनी 'महासागर' या संस्थेच्याच नियतकालिकात एक छोटा लेख लिहिला. विषय असा की पश्चिम किनाऱ्यावर अनेक ठिकाणी जिवंत प्रवाळ आहेत. त्यात रत्नागिरी, मालवण, रेडी ही आपली नावं. तोपर्यंत भारतातले प्रवाळ म्हटलं की लक्षद्वीप, अंदमान, मन्नारचं आखात, कच्छचं आखात. कोकण त्या यादीत नसायचंच. मग १९८१ मध्ये त्याच संस्थेच्या डॉ. परुळेकरांनी मालवणच्या सागरी जीवांवर सविस्तर लेख लिहिला.

एक गंमत. कासिम हे १९८१-८२ च्या पहिल्या भारतीय अंटार्क्टिका मोहिमेचे प्रमुख. परुळेकर सहाव्या मोहिमेचे. ज्यांनी मालवणच्या कोमट पाण्यातले प्रवाळ नोंदवले, ती माणसं पुढे बर्फावर गेली.

कोकणात प्रवाळ कमी का, याचं कारण आपल्यासारख्या घाटावरच्या लोकांना पटकन कळेल. प्रवाळ हा दगड नाही आणि झाडही नाही. तो प्राणी आहे. टाचणीच्या डोक्याएवढे किंवा थोडे मोठे हजारो जीव एकत्र राहतात आणि खाली चुन्याचं घर बांधतात. त्यांच्या अंगात सूक्ष्म शैवाल भाड्याने राहतं. ते उन्हावर अन्न बनवतं आणि त्यातला मोठा हिस्सा घरमालकाला देतं. म्हणजे प्रवाळाला स्वच्छ, खारं, ऊन पोचेल असं पाणी हवं. आता आपला पाऊस आठवा. सह्याद्रीवर कोसळतो, लाल माती घेऊन कर्ली, गड अशा नद्यांमधून समुद्रात जातो. चार महिने पाणी गढूळ, वरचा थर गोडसर, लाटा प्रचंड. अशा ठिकाणी लक्षद्वीपसारखी मोठी भित्ती उभी राहत नाही. खडकांवर इथे एक ठिगळ, तिथे एक ठिगळ, असं प्रवाळ जगतं. मेंदूसारखे वळ्या असलेले गोळे, पानासारखे पसरलेले पत्रे. दिसायला टीव्हीवरच्या रंगीत भित्तीपुढे फिकेच. आमच्या एका मित्राने वर येऊन म्हटलंच, "एवढंच?" मला उलट वाटलं. एवढ्या गढूळ पाण्यात तगून राहणं हे जास्त कौतुकाचं नाही का?

आणि मासे होतेच की. पिवळ्या पाठीवर काळे पट्टे असलेले सार्जंट मेजर तर घोळक्याने अंगावर येतात. फुलपाखरू मासे जोडीने फिरतात. पोपट मासा चोचीने खडक खरवडतो, त्याचा आवाज पाण्याखाली चक्क ऐकू येतो. खालच्या कपारीत एक गोबरा तोंड अर्धवट उघडून बसला होता, आमच्या जुन्या मॅनेजरसारखा. समुद्रफुलं, काळ्या काट्यांचे सी अर्चिन, आणि मधूनमधून पिवळसर सरगॅसम शेवाळाची जंगलं.

नोंद झाली की पुढे काय होतं? नोंद झालेल्या गोष्टीला सरकारी कुंपण पडतं. १३ एप्रिल १९८७ ला मालवण सागरी अभयारण्य जाहीर झालं. क्षेत्र २९.१२२ चौरस किलोमीटर. त्यातला ३.१८२ चौरस किलोमीटरचा गाभा, ज्यात सिंधुदुर्ग किल्ला, पद्मगड आणि भोवतीचे पाण्याखालचे खडक. नकाशा बघितला तर महाराजांनी निवडलेला तो पाण्याखालचा तटच जणू पुन्हा आखलाय. फरक एवढाच की १६६४ मध्ये तो खडकांची वाट माहीत असलेल्यांच्या भरवशावर उभा होता आणि १९८७ मध्ये ती माणसंच बाहेर राहिली.

मच्छीमारांनी कडाडून विरोध केला आणि तो अनेक वर्षं चालला. आपण शहरात बसून म्हणतो, "निसर्ग वाचवायला विरोध कशाला?" पण रापणकराच्या बाजूने बघा. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. पन्नास-साठ माणसं मिळून ओढतात आणि मासळीचे वाटे करतात. खडपावर कालवं काढायला बायका पिढ्यान्‌पिढ्या जातात. या लोकांनी प्रवाळ संपवलं नव्हतं. त्यांना खरी भीती होती आणि आहे ती ट्रॉलरची, पर्ससीनची. आणि कागदावर एका रात्रीत त्यांचंच अंगण 'अभयारण्य' झालं. कोडमध्ये असं होतं बघा. एखादी सिस्टिम वीस वर्षं एक माणूस सांभाळत असतो, कुठेही काही लिहिलेलं नसतं. मग नवी टीम येते, डॉक्युमेंट लिहिते आणि पहिलं काम काय करते, तर त्याचाच ॲक्सेस काढते.

काका होडीत बोलले त्यातलं थोडं सांगतो. त्यांचे वडील रापणीला जायचे. अभयारण्याचं नाव निघालं की घरात भांडण व्हायचं. "बाबांका वाटायचां, आता समुद्रात पाय ठेवक पण पास लागतलो." काका स्वतः होडीवर मोठे झाले, आणि आता त्याच खडकांवर पर्यटक आणून घर चालवतात.

हे कसं झालं? मालवण-तारकर्लीत स्नॉर्केलिंग वाढलं ते गेल्या वीसेक वर्षांत. आधी मोजकी माणसं, मग पर्यटन महामंडळ आलं, तारकर्लीला स्कूबा शिकवणारी संस्था झाली. २०११-१२ च्या सुमाराला सिंधुदुर्ग किनाऱ्यासाठी संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा एक प्रकल्प सुरू झाला. कुंपण घालून माणसं बाहेर काढण्यापेक्षा त्यांच्या पोटाची सोय त्याच समुद्रातून दुसऱ्या मार्गाने करावी, असा त्याचा रोख होता. गाइडचं प्रशिक्षण, लहान मासे निसटावेत म्हणून ट्रॉलरच्या जाळ्यांना चौकोनी आसाची पिशवी, कालवं आणि खेकड्यांची शेती, वेंगुर्ल्यात बायकांच्या बचत गटाची कांदळवन सफर. सगळंच जमलं असं नाही. पण ज्यांच्याकडे खडकांची वाट होती त्यांच्या हातात ती पुन्हा थोडी आली, हे मात्र खरं.

मग आता सगळं छान? इथे मला माझीच गोष्ट सांगावी लागेल, आणि ती सांगायला जरा लाज वाटते.

पाण्यात दहा मिनिटं झाल्यावर माझ्या नळीत पाणी गेलं. खारट घोट घशात, खोकला, घाबरगुंडी. विहिरीत शिकलेल्या माणसाची सवय काय? पायाखाली काही लागलं की उभं राहायचं. मी उभा राहिलो. एका गोल, टणक, फुटबॉलपेक्षा मोठ्या गोळ्यावर. दोन्ही पाय दाबून. काकांनी मला काखेत धरून उचललं आणि ओरडले, "पाय नको ठेवू रे! जितां आसा तां!"

खाली बघितलं तर जिथे माझी टाच घासली होती तिथे पांढरा ओरखडा.

असे गोलसर प्रवाळ वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतात, पुष्कळदा त्याहून कमी. फुटबॉलएवढा गोळा म्हणजे किमान दहा-पंधरा वर्षांचा. मी पाय ठेवला तो माझ्या बारावीच्या निकालापेक्षा नक्कीच जुना होता. २००१ पासून कठीण प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंगतीला. वाघावर पाय ठेवून फोटो काढला तर मी तुरुंगात असतो. इथे मी वर येऊन चहा-भजी खाल्ली.

आणि मी एकटा नाही. २०२० मध्ये 'मरीन पोल्यूशन बुलेटिन' या नियतकालिकात गोव्याच्या त्याच संस्थेतल्या संशोधकांचा मालवणवरचा अभ्यास आला. पर्यटकांच्या डायव्हिंगमुळे प्रवाळांचं काय होतंय, यावर. प्रवाळावर उभं राहणं, त्याला धरून फोटो काढणं, नांगर टाकणं, जबाबदारी कुणाचीच नसणं. बेचाळीस वर्षांपूर्वी ज्या संस्थेने 'इथे प्रवाळ आहे' असं लिहिलं होतं... थांबा, हिशोब चुकला, एकेचाळीस. तर एकेचाळीस वर्षांपूर्वी ज्या संस्थेने 'आहे' असं लिहिलं, तिलाच आता 'तुटतंय' असं लिहावं लागलं.

त्यात वरून उष्णता. समुद्राचं पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा अंशभर जरी जास्त तापलं आणि काही आठवडे तसंच राहिलं, तर ते भाडेकरू शैवाल बाहेर पडतं. प्रवाळ पांढरं पडतं. याला ब्लीचिंग म्हणतात. पांढरं म्हणजे लगेच मेलं असं नाही, उपाशी आहे. पाणी लवकर निवलं तर सावरतं. १९९८, २०१०, २०१५-१६ आणि अलीकडे २०२३ पासून, असे जगभर फटके बसले. मालवणलाही गेल्या दशकात हे पुन्हा पुन्हा नोंदवलं गेलंय. यात काकांचा काही दोष नाही, माझ्या टाचेचाही नाही. पण आधीच उपाशी असलेल्यावर टाच पडली तर?

मी काकांना विचारलं, मग तुम्ही आम्हाला नेता कशाला? ते म्हणाले, आम्ही नेलं नाही तर दुसरा कोणी नेईल, त्याला कुठे पाय ठेवायचा नाही ते माहीत नसेल. हे उत्तर मला पूर्ण पटत नाही. पण यापेक्षा चांगलं माझ्याकडेही नाही. रिंग सोडू न देणारे, ब्रेड टाकू न देणारे, नांगर वाळूतच टाकणारे गाइड आहेत. पर्यटकाला ते कटकटे वाटतात आणि त्यांना रेटिंग कमी मिळतं, हेही मी वाचलंय.

मालवणपासून दूर, विजयदुर्गच्या पश्चिमेला शंभरएक किलोमीटरवर, समुद्राच्या पोटात प्रवाळाचं एक मोठं पठार आहे. नाव आंग्रिया बँक, कान्होजी आंग्र्यांच्या नावावरून. साधारण चाळीस किलोमीटर लांब. सगळ्यात उथळ जागीसुद्धा वीस मीटर पाणी. डिसेंबर २०१९ मध्ये शास्त्रज्ञांची मोहीम तिथे जाऊन आली. तिथे स्नॉर्केल घेऊन कुणी जाऊ शकत नाही, माझ्यासारख्याचे पाय तिथे टेकणारच नाहीत. ऐकून मला बरं वाटलं, खरं सांगतो.

घरी आल्यावर आजीला व्हिडिओ दाखवला. तिने माळेतला एक मणी बोटांत फिरवला आणि विचारलं, "मंग ह्ये बी जित्तं व्हतं का रं?" मी म्हटलं, हो, पण लांबच्या समुद्रात. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आन्‌ तू त्याच्यावं हुबा ऱ्हायला?"

हा भाग मी जुलैत रेकॉर्ड करतोय. बाहेर घोटीचा पाऊस, मागे पत्र्याचा आवाज येतोय तो माफ करा. काल काकांना फोन केला होता. होड्या वर ओढून झाकून ठेवल्यात, पाणी लाल झालंय, खालचं काही दिसत नाही. मी विचारलं, तो गोळा, ज्यावर मी उभा होतो, तो आहे का अजून? म्हणाले, "नोव्हेंबरात ये. पाणी निवळला की बघूया."

पुढच्या भागात दारणा धरण. तोवर नमस्कार.